एकोडीचे सोनेरी विळे

"आजपासून एकोडीची बाई सोन्याच्या इळ्यानं धान कापीन!"

घनश्याम निंबार्ते यांनी ही घोषणा केली तेव्हा गोदामासमोरच्या मांडवात अशी शांतता पसरली की इतिहासाला लिहून घ्यायला सोपं जावं. मग उद्घाटनाची फीत कापायला त्यांनी तसाच एक सोनेरी विळा उचलला, झोकात ओढला, आणि फितीबरोबर स्वतःच्या नव्या कुडत्याची डावी बाही कोपरापासून वेगळी केली. टाळ्या कडकडून पडल्या. त्या फितीला होत्या की बाहीला, यावर गावात अजून एकमत नाही.

"सोनं मंग आना," पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी उषाबाई म्हणाल्या, "पयले सुई-दोरा आना."

खरं तर काय बोलायचं ते त्यांच्या लेकीनं, रेणूनं, पढवून ठेवलं होतं. रेणू पुण्याच्या एका कारखान्यात अवजारांवर असा सोनेरी थर चढवायचं काम करत होती. ते सोडून ती एक जुनं यंत्र घेऊन घरी आली आणि बापाच्या धानाच्या गोदामात तिनं ते बसवलं. दिसायला ते यंत्र बँकेची तिजोरी आणि प्रेशर कुकर यांच्या पोटी झालेल्या पोरासारखं. त्यात विळे टांगायचे, दार लावायचं, आतली हवा ओढून घ्यायची. मग टायटॅनियम नावाच्या धातूची वाफ करायची आणि चिमूटभर नायट्रोजन सोडायचा. वरणाच्या गंजावर झाकण ठेवलं की झाकणाला वाफ धरते, तशी ही वाफ विळ्याला धरते. फरक इतकाच, की ही पुसली जात नाही. केसाहून कितीतरी पातळ, पण दगडासारखा कडक थर बसतो आणि विळ्याची धार टिकते. थराचा रंग तेवढा सोन्यासारखा. बाकी सोन्याशी त्याची तोंडओळखही नाही.

"टायटॅनियम नायट्राइड म्हना, बाबूजी," रेणूनं बजावलं होतं. घनश्यामभाऊंनी आंघोळ करताना ते म्हणून पाहिलं. शब्द दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागला. ते पडले धानाचे व्यापारी. त्याच रंगाचा छोटा शब्द बाजारात उपलब्ध असताना मोठा कशाला घ्या, असा त्यांनी हिशेब केला.

पण गोष्ट थट्टेची नव्हती. शेतीची अवजारं बनवणाऱ्या नागपूरच्या एका कंपनीनं रेणूला सांगितलं होतं, हे विळे या हंगामात बायांना द्या, अजिबात धार न लावता कापणी करू द्या, आणि मग आम्हाला दाखवा. टिकले तर आमच्या सगळ्या विळ्यांचं काम तुमचं. नाही टिकले, तर रेणूला पुन्हा पुणं. हे तिनं जेवता जेवता सांगितलं, आणि घनश्यामभाऊंचा त्या वेळचा घास अजून खाली उतरला नव्हता. कोणत्याही विषयावर अर्धा तास बोलणाऱ्या या माणसाला 'जाऊ नको' एवढं दोन शब्दांचं भाषण काही जमत नव्हतं.

विळे वाटले गेले. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान कापून झालं. रेणू भिंग घेऊन घरोघरी फिरली आणि तोंड पाडून परत आली.

"बाबूजी, एकाही इळ्यावर ओरखडा नाही."

"मंग जितलो ना आपन!"

"कायचं जितलो? कापलंच नाही कोनी त्यायनं. ओरखडा नाही, पन हळद-कुंकू आहे."

घनश्यामभाऊ तडक रत्नाबाईकडे गेले. रत्नाबाई म्हणजे कापणीच्या बायांची म्होरकी. ती बसली की रांग बसे, ती उठली की रांग उठे. तिच्या देवघरात बाळकृष्ण डाव्या अंगाला सरकला होता आणि मधोमध, झेंडूच्या फुलांत, विळा विराजमान होता.

"रत्नाबाई, हे कापाले देल्लं होतं!"

"लक्ष्मीले चिखलात घालू का जी?"

"अवो, हे सोनं नाही."

रत्नाबाईनं डोळे बारीक केले. "आता नाही म्हनता? मांडवात तं तुमीच म्हनलं."

"ते मी बोलन्याच्या भरात म्हनलं."

"अन् आता कायच्या भरात बोलून राहिले?"

पुढचं घर जागेश्वरचं. त्यानं विळा धानाच्या कोठीत पुरून ठेवला होता. त्याआधी तो साकोलीच्या सोनाराकडे तपासून आणला होता. "सोनार म्हने, सोनं नाही. म्हनजे त्याले सस्त्यात पायजे. दगडावर घासलं, तं दगडालेच ओरखडा पडला, भाऊ! एवढं कडक सोनं त्याच्या बापानं नाही पाहिलं."

"कडक आहे म्हनूनच सोनं नाही ना, जागेश्वर!"

जागेश्वर नुसता हसला. यात चूक त्याची नव्हती. 'धान ओलंच दिसते,' 'दाना बारीकच वाटते,' असं म्हणून म्हणूनच घनश्यामभाऊंनी आयुष्यभर धान विकत घेतलं होतं. व्यापारी मालाला नाव ठेवायला लागला की त्याला तो माल हवा असतो, एवढं शिक्षण त्यांनी स्वतःच गावाला मोफत दिलं होतं. ते दारोदार 'सोनं नाही, सोनं नाही' म्हणत फिरले, तसतसे विळे देवघरातून पेटीत आणि पेटीतून माहेरी जायच्या तयारीला लागले.

रेणूनं अटाळ्यावरची बॅग खाली काढली. उषाबाईंनी ती परत वर ठेवली. रेणूनं पुन्हा खाली काढली. घनश्यामभाऊ तिथून उठले, गोदामात उरलेला एकुलता एक सोनेरी विळा त्यांनी काखेत मारला आणि बोडीखालच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याखालच्या, आपल्या धानाच्या बांधीत गेले. उभं धान आता तेवढंच उरलं होतं. रत्नाबाईची रांग तिथंच कापत होती, जुन्या विळ्यांनी.

भाऊंनी पायजमा गुडघ्यावर सरकवला, बांधीत उतरले आणि सगळ्यांसमोर विळा खसकन चिखलात खुपसला.

"अगा बाई! लक्ष्मीले गाळात घातलं!"

आभाळ कोसळलं नाही. भाऊंनी विळा पायजम्याला पुसला, वाकले आणि कापायला लागले. शेवटचं धान त्यांनी कधी कापलं होतं ते त्यांच्या कंबरेलाही आठवत नव्हतं. एक मूठ वीतभर उंचीवर कापली, दुसरी गुडघ्याशी, तिसरी सुटून गेली. कडपा, म्हणजे कापलेल्या धानाची सरळ रांग, कशी असावी याचे काही नियम आहेत. भाऊंचा कडपा भांडण झाल्यासारखा चारी दिशांना तोंडं करून पडला.

"भाऊ, धान कापून राहिले का डोकसं भादरून राहिले?"

"भादरनारा तरी सारखं भादरते वो!"

हसून हसून रांग मोडली. पण रत्नाबाई हसत नव्हती. तिला धानाचे हाल पाहवेनात. ती तरातरा आली, "द्या इकडं" म्हणाली, भाऊंच्या हातून विळा घेतला आणि वाकली.

आणि आवाज बदलला. जुना विळा घर्र-घर्र करत दाताखाली ओढतो. हा नुसता 'सप्' म्हणत होता. सप्, सप्, सप्. रत्नाबाई थांबली. तिनं विळ्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला, चोरी पकडली गेल्यासारखं. मग जी वाकली ती थेट धुऱ्यावर, शेताच्या पलीकडच्या बांधावर, जाऊन उभी राहिली. बाकीची रांग अर्ध्या बांधीत.

"काकू, एकट्याच पुढं जाता काय?" जागेश्वरची सून रुचिता ओरडली.

"ये ना मंग मांगून! अडवलं कोनं?"

लक्ष्मी चिखलात जाणं एकोडीला मान्य नव्हतं. पण रत्नाबाईनं पुढं जाणं तर मुळीच मान्य नव्हतं. रुचिता घराकडे पळाली. "सोनं आहे ना ते!" म्हणत जागेश्वर कोठीसमोर आडवा झाला, तशी त्याला ओलांडून तिनं कोपरापर्यंत हात धानात घातला. मग एकेक करत सगळ्याच पळाल्या. पदर खोचलेल्या बायांची फौज सोनेरी विळे घेऊन बांधीकडे धावताना पाहून रस्त्यानं जाणारा ग्रामसेवक आल्या पावली मागे वळला.

भाऊ हळूच धुऱ्याकडे सरकायला लागले.

"तुमी कुठं चालले जी?" रत्नाबाईनं आपला जुना विळा त्यांच्या हाती दिला. "बसा रांगेत."

"हो बाबूजी," रेणू धुऱ्यावरून म्हणाली. ती भिंग घेऊन केव्हा आली होती कोण जाणे. किती दिवसांनी तिचे दात दिसत होते. "तुमी जुन्यानंच कापा. दोन्हीमंधला फरक दाखवाले मले कोनी पायजेच होतं."

अशा रीतीनं घनश्यामभाऊ विज्ञानाच्या कामी आले. बोडीखालचं धान संपेपर्यंत ते रोज रांगेच्या शेवटी जुना विळा ओढत होते. त्यांच्या विळ्याचे दात पार बसले. बायांचे विळे चिखलानं माखत, धुतले की पुन्हा तसेच पिवळेधमक. रेणू दर संध्याकाळी भिंगातून फोटो काढी आणि नागपूरला पाठवी.

शेवटच्या दिवशी, शेवटच्या काही मुठी उरल्या असताना, तिचा फोन वाजला. ती ऐकत राहिली. 'हो सर, हो सर' म्हणत राहिली. मग फोन ठेवून बांधीत उतरली, चपलांसकट.

"बाबूजी, काम आपल्याले भेटलं. मी पुन्याले नाही जात."

रांग थांबली. उषाबाई न्याहारीचं टोपलं घेऊन धुऱ्यावर होत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि टोपलं घसरलं म्हणून लगेच काढला. रत्नाबाईनं विळा कपाळाला लावला. सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. आता हा माणूस बोलणार, आणि बोलायला हवंच होतं.

भाऊ वाकलेलेच होते. घशातला घास एकदाचा खाली उतरला होता, डोळे भरून आले होते, आणि समोरच्या धसकटांना उद्देशून त्यांनी सुरुवात केली, "माह्या लेकीनं आज..."

आणि थांबले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थांबले.

"रेणू," ते खालूनच म्हणाले, "बाकीचं मंग बोलतो. पयले मले कोनी सरळ उभं करून द्या."