कशाच्या पावलानं आली?

माणसाच्या अंगातली दोनशे सहा हाडं अमिनाला तोंडपाठ होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कवटीपासून करंगळीपर्यंत तिनं ती धडाधड म्हणून दाखवली असती. आणि तरीही पोरगी प्रात्यक्षिकात सपशेल नापास झाली.

गोष्ट अठ्ठावन्न सालची. मुंबईत एका मोठ्या इस्पितळाला जोडून फिजिओथेरपीची शाळा निघाली होती. लुळे पडलेले हातपाय व्यायामानं पुन्हा कामाला लावायची विद्या तिथं शिकवत. पौडच्या पेठेत बांगड्यांचं दुकान असलेल्या रमजान मण्याराची थोरली लेक तिथवर पोचली, याचं श्रेय थोडं शाळेतल्या मास्तरांना आणि बरंचसं तिच्या हट्टाला द्यायला हवं. गावात मात्र या विद्येचा अर्थ कुणालाच धड लागला नव्हता. "रमजानची पोर मोठ्या मानसांस्नी चालाय शिकवायचं शिकतीया म्हनं," असं चावडीवर कुणी म्हणालं की दुसरा विचारी, "वासराला कोन शिकवतं रं?" आणि सगळे पोट धरून हसत.

नापास करताना शाळेतल्या मॅडमनी कारणही सांगितलं होतं. "तुझे हात चांगले आहेत, अमिना. जीभ पुस्तकी आहे. तू सांगतेस ते पेशंटच्या कानापर्यंत जातं, पायापर्यंत जात नाही." मग त्यांना दया आली असावी, त्यांनी आणखी एक संधी दिली. गावाकडचा एखादा पेशंट घ्यायचा, सहा आठवडे मेहनत करायची, आणि माणसाचा आधार न घेता नुसत्या काठीवर त्याला वीस पावलं चालवायचं. तिथल्या डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहून वहीवर सही केली, तरच पुन्हा परीक्षेला बसता येणार होतं.

घरी आल्यावर बापानं त्याच्या बाजूनं आणखी एक गाठ मारून ठेवली. "या खेपंला जमलं न्हाई तर गुमान दुकानात बसायचं. सनासुदीला बांगड्या भराया मानूस पायजेच हाय."

अमिना मान खाली घालून हो म्हणाली. दुकानात बसायला तिची ना नव्हती, पण मुंबईच्या इस्पितळात व्यायामाच्या मोठ्या दालनात सहा महिने अंथरुणाला खिळलेला एक हमाल तिच्या डोळ्यांदेखत उठून उभा राहिला होता. तेव्हापासून तिला दुसरं काही करावंसंच वाटत नव्हतं.

पेशंट शोधायला लांब जावं लागलं नाही. वेशीजवळच्या घरातल्या सगुणाबाईच्या अंगावरून दीड वर्षापूर्वी वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय, दोन्ही गेल्यातच जमा. पंचेचाळिशीची बाई, माहेर ताम्हिणीचं. डोक्यावर भाताचा भारा घेऊन घाट चढणारी ती आता खांबाला टेकून दिवसभर बसून असे. धरून उभी केली तर उभी राही, पण पाऊल म्हणून टाकत नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अमिनाला खुशाल परवानगी दिली. "बघ प्रयत्न करून. गौरी येतील त्या दिवशी मी बघायला येतो. दुसऱ्या दिवशी रजेवर जायचंय मला."

अमिना रोज सकाळी जाऊ लागली. "काकी, आपला उजवा गुडघा सावकाश वाकवा."

"वाकत न्हाई," सगुणाबाई म्हणे.

"आता टाच जमिनीवर दाबून धरा."

"दाबत न्हाई."

झाला व्यायाम! चार आठवडे हेच चाललं. अमिनानं त्या पायाला शेक दिला, तो चोळला, आपल्या हातानं वाकवला. आपला पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी सगुणाबाई त्याच्याकडे बघत राही. सासू गोजराबाई ओसरीवर तांदूळ निवडता निवडता टोमणा मारी, "आगं अमिने, पायच त्यो. त्याला इंग्रजी कुटनं कळायचं?"

एका संध्याकाळी अमिना आईजवळ रडकुंडीला आली. तिची आई नूरजहाँ उभ्या पंचक्रोशीतल्या बायकांचे हात ओळखत होती. कुणाचा हात मऊ, कुणाचा राठ, कुणाला कितीच्या मापाची बांगडी, सगळं तिच्या बोटांत होतं. ती म्हणाली, "तू त्या बाईला हुकूम सोडतीस. बांगडी भरताना मी हुकूम सोडते व्हय? हात आवळला की बांगडी फुटली म्हनून समज. आदी बाईला बोलन्यात गुतवायची, तिच्या म्हायेरचं काय तरी काडायचं. मंग हात आपसूक सैल सुटतो."

अमिनाला ते पटलंही आणि पटलं नाहीही. पुस्तकात माहेरचा धडा कुठं होता? तिला मुंबईच्या दालनातली फरशी आठवली. तिथं रंगानं पावलं काढलेली होती, डावं, उजवं, डावं, उजवं, आणि पेशंट त्यांवर पाय ठेवत चालायचे. तेच करून पाहायचं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरातली माणसं भाताच्या खाचरात तण बेणायला गेली होती आणि सगुणाबाईचा डोळा लागला होता. अमिनानं तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं आणि सारवलेल्या जमिनीवर दारापासून समोरच्या भिंतीतल्या देवळीपर्यंत वीस पावलं काढली. अंतर मोजून, पाची बोटांसकट, अगदी झोकात. मग खुशीत घरी गेली.

सकाळी येऊन बघते तो ओसरीवर ही गर्दी! प्रत्येक पावलावर हळदकुंकू, प्रत्येक पावलावर फूल, देवळीत समई. गोजराबाई हात जोडून आल्यागेल्याला सांगत होती, "गौरीला अजून पंदरा दिस हायेत, आन् लक्षुमी आदीच चालत आली बगा! कवा आली कुनाला पत्त्या न्हाई." सगुणाबाईला उचलून कोपऱ्यात बसवलेलं होतं, लक्ष्मीवर चुकून पाय पडायला नको म्हणून. तिचा नवरा कोंडिबा तर पहाटेपासून मागल्या दारानं ये-जा करत होता.

"आजी," अमिना चाचरत म्हणाली, "ती पावलं मी काढलीत. काकींना त्यावरून चालवायला."

गोजराबाईनं तिला खालून वर न्याहाळलं. "तू काडलीस म्हनून काय झालं? गौरीची पावलं बी दर साली मीच काडते की. काडली मानसानं तरी येती ती लक्षुमीच. त्येच्यावर पाय? शिव शिव!"

यावर दोनशे सहा हाडांपैकी एकही अमिनाच्या मदतीला धावून आलं नाही. ती ओसरीवर बसली. आता पुसायचीही सोय नव्हती. तिला आईचं बोलणं आठवलं, आणि काही तरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "आजी, मग या पावलांवर पाय कुणीच देत नाही?"

"कुनीच कसं? जी गौर घिऊन येती ती देती की. तिचे पाय धुवायचे, मंग ती पावलापावलानं आत येती."

"या घरात गौर कोण आणतं?"

म्हातारीचा आवाज खाली आला. "आता धाकली सून आनती, लीलाबाई. पर त्येच्या आदी वीस वर्सं हीच आनायची." तिनं कोपऱ्याकडे मान केली. सगुणाबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. आपल्या हातून गौर गेली याचं तिला किती लागलं होतं, हे दीड वर्षात तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"मग ही पावलं काकींचीच झाली की," अमिना हलकेच म्हणाली. "ऐन वेळी अवघडायला नको म्हणून आधी थोडी सवय करायची."

गोजराबाईनं पदर खोचला. मग उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "चल गं, पाय फुडं कर."

सासूनं सुनेचे पाय धुवायचे, हे त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं. "आत्याबाई, आवो काय हे!" असं म्हणत सगुणाबाईनं लाजून झटक्यात पाय मागं ओढला.

कोणता पाय? उजवा!

"वाकला!" अमिना ओरडली. "काकी, गुडघा वाकला!"

सगुणाबाईनं आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग अमिनाकडे पाहिलं. मग जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्या दिवसापासून घराचा रंगच पालटला. अमिनाचं 'वाकवा, दाबा' बंद झालं. गोजराबाई देवळीपाशी उभी राहून विचारी, "गौर कशाच्या पावलानं आली?" सगुणाबाई डाव्या हातानं काठी पुढं टेके, उजवा पाय ओढून पिठाच्या पावलावर ठेवी आणि म्हणे, "सोन्याच्या पावलानं आली." पुन्हा प्रश्न, पुन्हा पाऊल. "मोत्याच्या पावलानं आली." गौर उंबऱ्यातून देवळीपर्यंत नेताना बायका एरवी हेच म्हणतात. अमिनाला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं की हा अख्खा व्यायामच आहे. प्रश्नात एक श्वास, उत्तरात एक पाऊल. तिनं फक्त कंबरेला हात लावायचा आणि पडू द्यायचं नाही.

पायात ताकद येऊ लागली तशी सगुणाबाईची जीभही सैल झाली. सोनं, मोती, भात, गूळ सगळं संपलं की ती म्हणे, "म्हशीच्या पावलानं आली, आन् दूध बी घिऊन आली!" एखाद्या वाईट दिवशी पाय लाकडासारखा होई तेव्हा, "खुट्ट्याच्या पावलानं आली." लीलाबाई चुलीपुढून हसत बाहेर येई. वहीत रोजची पावलं भराभर वाढत गेली. चार, सात, बारा. गौरीच्या आदल्या दिवशी सगुणाबाई काठीवर, अमिनाचा हात नसताना, वीस पावलं चालली. त्या दिवशी अमिना घरी उड्या मारतच गेली, आणि वाटेत कोण बघतंय याची तिनं पर्वा केली नाही.

गौरीचा दिवस उजाडला. लेकीबाळी ओढ्यावरून तेरडा घेऊन वाजतगाजत आल्या. डॉक्टर घड्याळ लावून ओसरीवर हजर. तेरड्याची जुडी म्हणजेच गौर सगुणाबाईच्या ओटीत बांधली, डाव्या हातात काठी दिली. गोजराबाईनं पहाटे उठून पावलं नव्यानं काढली होती. ती बघून अमिनानं कपाळावर हात मारला. म्हातारीची पावलं अंगणातल्या तुळशीपासून सुरू होत होती, म्हणजे मध्ये उंबरा होता. हातभर रुंद, वीतभर उंच, सागाचा. आणि सहा आठवड्यांत अमिनानं सगुणाबाईला उंबरा एकदाही चढवला नव्हता! गौर बाहेरून आत येते ही साधी गोष्ट ती विसरली होती.

अंगण झकास पार पडलं. सोन्याच्या, मोत्याच्या, भाताच्या पावलानं गौर उंबऱ्यापाशी आली आणि थांबली.

"उजवा पाय आदी, सगुने!" बायका म्हणाल्या. सगुणाबाईनं उजवा उचलला. बोटं लाकडाला थडकली. पुन्हा उचलला, पुन्हा थडकली. तिच्या कपाळावर घाम आला. डॉक्टर उठून उभे राहिले.

चढताना चांगला पाय आधी, हा नियम अमिनाला झोपेतही आठवला असता. पण तो म्हणजे डावा, आणि परक्याच्या घरात, गौर ओटीत असताना, डाव्या पायानं आत या असं सांगायचं कुठल्या तोंडानं? नाही सांगितलं तर बाई आता पडणार हे दिसत होतं. अमिना उंबऱ्याच्या आत उकिडवी बसली आणि तिच्या तोंडून आपसूक आईचा आवाज निघाला. "काकी, घाई न्हाई. ताम्हिणीचा घाट चढून आलाय तुमी, दमला असाल. अंग सैल सोडा. आता डावा घ्या वर, डावा लई गुणाचा हाय तुमचा."

"डावा?" लीलाबाईनं तोंडावर हात ठेवला. "गौर डाव्या पावलानं आत?"

सगळ्यांनी गोजराबाईकडे पाहिलं. म्हातारीनं सुनेचा थरथरता पाय बघितला, घामानं निथळलेलं तोंड बघितलं, आणि ती कडाडली, "गौर म्हायेराला येताना पाय बगून येती व्हय गं? जो पाय आदी आत पडंल त्यो उजवा!"

डावा पाय उंबऱ्यावर चढला. मागून उजवाही आला, ओढत का होईना, आला.

"गौर कशाच्या पावलानं आली?" गोजराबाईनं विचारलं.

सगुणाबाईनं क्षणभर दम खाल्ला. "माज्या पावलानं आली, आत्याबाई," ती म्हणाली. "माज्या सोताच्या पावलानं आली."

म्हातारी पदरानं डोळे पुसत होती, म्हणून पुढचा प्रश्न लीलाबाईनं विचारला. देवळीपर्यंत गौर न थांबता गेली. अमिना दाराला टेकून ढसाढसा रडत होती आणि त्याची तिला अजिबात लाज वाटत नव्हती. डॉक्टरांनी वही मागितली आणि ओशाळून म्हणाले, "मोजायचं राहूनच गेलं गं."

"एकतीस झाली," अमिना डोळे पुसत म्हणाली. सही झाली. त्या दुपारी नूरजहाँनं येऊन सगुणाबाईच्या उजव्या हातात दीड वर्षानं हिरवा चुडा भरला. एकही बांगडी फुटली नाही.

पुढच्या महिन्यात मुंबईत पुन्हा परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "अर्धांगाचा पेशंट पायरी चढताना कोणता पाय आधी?"

"चांगला, मॅडम."

"आणि चांगला कोणता, हे कसं ठरवायचं?"

अमिनाला एकदम गोजराबाई आठवली. मग म्हणाली, "ते त्याच्या सासूला विचारायचं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि इतक्या मोठ्यांदा हसल्या की बाहेर रांगेत बसलेल्या पोरी दचकल्या. मग त्यांनी सहा आठवड्यांची ती वही मागून घेतली, पहिल्या पानापासून वाचून काढली, आणि शेवटच्या पानावर 'उत्तीर्ण' असं लिहिलं.