ओल्गाच्या दारावरचं तोरण

घोड्यावर बसायचा अनुभव आहे का, असं हानेकेनं पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा मी बेधडक 'आहे' म्हणालो. खोटं बोललो नाही. माझ्या वरातीत मी घोड्यावर बसलो होतो, फेट्यासकट. घोडा एका माणसानं लगामाला धरला होता आणि पुढे बँड असल्यामुळे त्याला चालायला जागाच नव्हती, हे तपशील मला तेव्हा सांगण्यासारखे वाटले नाहीत.

हानेके आमच्या रायडिंग स्कूलची मुख्य शिक्षिका. आइंडहोवन या डच शहराच्या बाहेर, मक्याच्या शेतांमध्ये तिचा तबेला आहे. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून मला पुढच्या गटात टाकलं आणि एक उंच काळा घोडा दिला. तो जरा दुडक्या चालीनं निघाला मात्र, मी त्याच्या मानेला अशी मिठी मारली की ती सोडवायला दोन माणसं लागली. त्याच सकाळी माझी रवानगी 'सर्व वयोगट' नावाच्या नवशिक्यांच्या वर्गात झाली. या वर्गात नऊ वर्षांची फेना आहे, निवृत्त पोस्टमन यान आजोबा आहेत आणि मी आहे. तिघांत सगळ्यात जास्त सूचना मला मिळतात. ऑफिसात मी चिप बनवायच्या मशीनचा आर्किटेक्ट आहे, माझ्या शब्दावर चाळीस माणसं कामाला लागतात. ब्रॅम नावाच्या म्हाताऱ्या, गलेलठ्ठ घोड्यावर मात्र त्या शब्दाचा काही परिणाम होत नाही. तो कोपरा आला की थांबतो आणि विचार करतो.

खरं तर घोडेस्वारी हा माझा उद्योगच नव्हता, तो चारुताचा होता. चारुता माझी बायको. टिलबर्गला एका मालवाहतूक कंपनीत ती नोकरी करते. पुण्यातली बँकेतली बढती सोडून ती माझ्या मागे इथे आली, भाषा शिकली आणि कधी कुरकुरली नाही. गेल्या हिवाळ्यात एक दिवस ती म्हणाली, "मी शनिवारी घोडेस्वारी शिकायला जाणार आहे." मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "एकटी?" पुढच्याच महिन्यात मी माझंही नाव नोंदवून आलो, तिला कंपनी म्हणून. तिला कंपनी हवी आहे का, हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आपल्याकडे कुणी एकटं कुठे निघालं की बरोबर जायचं असतं, त्यात विचारायचं काय?

चारुता मात्र पटापट पुढे गेली. तिला ओल्गा नावाची तांबूस घोडी मिळाली आणि दोघींचं असं जमलं की मला थोडा मत्सर वाटायचा. घोडीला खरारा करताना चारुता तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायची. मी जवळ गेलो की गप्प व्हायची. मला वाटायचं, लाजते.

माझा वर्ग आधी असायचा, तिचा नंतर. माझा संपला की मी रिंगणाच्या कठड्याला टेकून तिला मार्गदर्शन करायचो. घोडेस्वारीवरचे व्हिडिओ मी रोज रात्री बघत होतो, त्यामुळे माझा अभ्यास झालेला होता. "टाच खाली!" "पाठ सरळ!" "चारू, लगाम सैल सोड!" हानेके एकदा माझ्याकडे बघून म्हणाली होती, "हरीश, इथे शिक्षक मी आहे." मी हसून मान डोलावली आणि आवाज जरासा खाली आणला.

ऑक्टोबरात चारुताची पहिली परीक्षा ठरली. इथे परीक्षेला एकेकट्यानं रिंगणात जावं लागतं. परीक्षक टेबलामागे बसलेला असतो आणि ठरलेल्या वळणांवर घोडा ठरलेल्या चालीनं न्यायचा असतो. पास झालात तर पुढच्या वर्गात जाता आणि घोडा बाहेर रानात नेता येतो. चारुताला ते रान हवं होतं. आठवडाभर ती स्वयंपाकघरात चमचे-वाट्या मांडून वळणं पाठ करत होती. इतकी मन लावून काही करताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. परीक्षेची तारीख बघून मला तर स्फुरणच चढलं, कारण त्या शनिवारी दसरा होता.

आमच्या घरी दसऱ्याला गाडीची पूजा होते, दोन्ही सायकलींची होते, लॅपटॉपची होते. मग ज्या घोडीवर बायको परीक्षा देणार तिची नको व्हायला? खऱ्या घोड्याची पूजा करायचा योग आमच्या घराण्यात किती पिढ्यांनी आला असेल, या विचारानं माझा ऊर भरून आला. आमच्या घराण्यात सगळे शाळामास्तर होते, ही गोष्ट वेगळी. चारुताला मी काही सांगितलं नाही, सरप्राइज ठेवलं. आशियाई दुकानातून नारळ आणला. कुंड्यांमधला झेंडू तोडला. प्रश्न आंब्याच्या पानांचा होता, पण तोही मी सोडवला. शेजाऱ्याच्या कुंपणाची पानं हुबेहूब आंब्याच्या पानांसारखी दिसतात, लांबट, जाड, चकचकीत. त्यातली अकरा पानं घेतली आणि झेंडूबरोबर दोऱ्यात ओवून झकास तोरण केलं.

तबेल्यात चारुता बूट चढवायला खोलीत गेली, तेवढ्यात मी ओल्गाला ठेवतात त्या खणाशी गेलो. ती चांगली घोडी आहे. तिनं कपाळाला कुंकू लावून घेतलं, माझा हात हुंगला. मी तिच्या खणाच्या अर्ध्या दारावर तोरण बांधलं, फोटो काढला आणि नारळ घेऊन बाहेरच्या फरशीवर गेलो. नारळ आत फोडला तर घोडे बिथरतील, एवढी अक्कल मला होती. मोठ्या अभिमानानं सांगतो, तेवढीच होती.

प्रसादाचे तुकडे घेऊन परत आलो तेव्हा दारावर चार पानं आणि एक झेंडू लोंबत होता. ओल्गा शांतपणे चावत होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून दोऱ्याचं टोक दिसलं आणि मी ते धरेपर्यंत आत गेलं. मला आधी हसूच आलं. देवानं नैवेद्य स्वीकारला, असं काहीतरी मी म्हणणार होतो. तेवढ्यात मागून हानेके आली.

तिनं उरलेल्यांतलं एक पान तोडलं, उलटून पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे लॉरेल आहे," ती म्हणाली. "घोड्याला हे विष आहे. किती खाल्ली?"

"अकरा लावली होती. चार आहेत," एवढंच मी कसंबसं बोललो. हानेकेनं ओल्गाच्या तोंडात हात घालून चावलेली पानं बाहेर काढली, पुढ्यातलं गवत उचललं आणि डॉक्टरांना फोन लावला. बूट चढवून आलेली चारुता दारात उभी होती. तिनं ओल्गाच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, तोरण पाहिलं, माझ्या हातातलं खोबरं पाहिलं. तिला काही विचारायची गरज पडली नाही.

"तुला शुभ व्हावं म्हणून," मी म्हणालो.

ती ओल्गाच्या गळ्यावर हात ठेवून उभी राहिली. त्या क्षणी मला जमिनीनं गिळलं असतं तर मी तक्रार केली नसती.

फोन ठेवून हानेके म्हणाली, "इतक्या थोड्या पानांनी बहुतेक काही होणार नाही, पण डॉक्टर येतायत. आज ओल्गावर कुणी बसायचं नाही. चारुता, तू वसंतात परीक्षा दे. नाहीतर आत्ता फक्त ब्रॅम रिकामा आहे."

ब्रॅम! मी न राहवून म्हणालो, "चारू, ब्रॅमला मी ओळखतो. तो कोपऱ्यात थांबला ना, की डावी टाच..."

"हरीश," ती म्हणाली, "आता एक शब्द नाही." मग हानेकेकडे वळली. "मी ब्रॅमवर देते."

ती गेली. माझ्यावर काम आलं ते ओल्गापाशी उभं राहून तिचा श्वास आणि हिरड्यांचा रंग बघायचं. डॉक्टर आल्या, त्यांनी ओल्गाची छाती तपासली, डोळे पाहिले. विषाची चिन्हं नाहीत म्हणाल्या, आणि मी तिथेच पेंढ्यावर बसलो. मग त्या म्हणाल्या, "दोरा मात्र पोटात गेला असणार. तो बाहेर पडेपर्यंत लिदीवर लक्ष ठेवा. प्रत्येक वेळी उकलून बघा." त्यांनी माझ्या हातात रबरी हातमोजे दिले.

अशा रीतीनं, पलीकडे रिंगणात माझ्या बायकोची परीक्षा चालू असताना, मी एका घोडीच्या शेपटीमागे घमेलं घेऊन उभा होतो. भिंतीपलीकडून परीक्षकाची घंटा ऐकू आली. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त टापा. कोपऱ्यात त्या थांबतील म्हणून मी श्वास रोखून धरला. त्या थांबल्या नाहीत. माझे ओठ आपोआप 'टाच खाली' म्हणत होते, पण ऐकायला फक्त ओल्गा होती, आणि तिनं शेपटी उचलली.

लीद मी हातानं उकलली. त्यात झेंडूच्या पाकळ्या नव्हत्या, दोरा नव्हता, काही नव्हतं. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी घमेलं टेकवताना पेंढ्यातच पिवळा दोरा सापडला, हानेकेनं तिच्या तोंडातून काढलेल्या चोथ्यात गुंतलेला; दारावरच्या तुकड्याला जोडून पाहिला, पूर्ण होता. मला इतका आनंद झाला की मी ओल्गाच्या पाठीवर डोकं टेकलं आणि चक्क रडलो. तेव्हा पलीकडे टाळ्या पडत होत्या.

थोड्या वेळानं चारुता आली. ब्रॅमला बांधून ती सरळ आत आली. हेल्मेटखालचे केस कपाळाला चिकटले होते. तिनं ओल्गाच्या हिरड्या पाहिल्या, घमेल्यात पाहिलं.

"दोरा मिळाला," मी म्हणालो. "पूर्ण मिळाला. ती बरी आहे."

तिनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

"आणि तुझं?"

"पास झाले."

"ब्रॅमवर?" माझा आवाज चिरकला. "तो थांबला नाही?"

"एकदाच थांबणार होता. मी घाई केली नाही, तो आपणच पुढे गेला."

"काय केलंस नक्की? टाच?"

"काही नाही केलं." ती ओल्गाच्या मानेवरून हात फिरवत राहिली. "आज कठड्यावर कुणी नव्हतं, हरीश. इतके महिने मी घोड्यावर बसतेय, पण घोडा काय म्हणतो ते आज पहिल्यांदा मला ऐकू आलं."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. मी बाजू मांडली असती, हेतू सांगितला असता, दसऱ्याचं महत्त्व सांगितलं असतं. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी. मला फार लागलं. आणि ती पास झाली म्हणून मला फार बरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

"ओल्गाशी काय बोलतेस रोज?" मी विचारलं.

"हेच," ती म्हणाली. "जे तुला सांगता येत नव्हतं ते."

मी हातातले मोजे काढले आणि म्हणालो, "नवशिक्यांची गुरुवारीपण बॅच असते ना?"

"असते," ती म्हणाली. "संध्याकाळी."

"मी तिकडे जाऊ?"

"जा," चारुता म्हणाली. एवढ्या लगेच म्हणाली की आम्ही दोघंही जरा दचकलो. मग तिनं ब्रॅमचा दोर सोडला आणि त्याला घेऊन दाराबाहेर पडली, मागे न बघता, रानाकडच्या बाजूला. मी कठड्यापर्यंत चार पावलं गेलो, आणि तिथून परत फिरलो.