आणखी एक खोली

विन्कोच्या घरात माणूस एक आणि खोल्या अकरा. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कूबर पेडीत घर बांधत नाहीत, टेकडीत कोरतात. खोली हवी असली की भिंत फोडायची. गावात ओपल, म्हणजे ते रंगीत चमकणारं महागडं रत्न, खणायला बंदी आहे, पण घर वाढवायला कोण अडवणार? गावातल्या थानासिसला न्हाणीघर कोरताना ओपल लागलं आणि विन्कोच्या डोक्यात भूत शिरलं.

"थानासिसला लागलं ना, शेजारीणबाई?" तो मला ऐकवायचा.

"लागलं. आणि ज्यांना नुसती धूळ लागली त्यांची नावं सांगू? बस इथे, संध्याकाळ होईल."

"तू ना, जन्माची रडकी!"

त्याला काहीही दाखवा, ते त्याच्याच बाजूचं. भिंतीत बिनरंगाचं, कवडीमोल ओपल दिसलं की म्हणे, 'रंग जवळ आलाय.' काहीच दिसलं नाही की, 'आता लागलंच पाहिजे, किती कोरडं जाईल?' अरे बाबा, दगडाला काय माहीत तू किती खणलंयस ते! सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

सगळी धूळ बसली ती नेव्हेन्काच्या छातीत. त्याची बायको ती, आणि या गावातली माझी एकुलती एक मैत्रीण. डॉक्टरांनी तिला समुद्राकाठी राहायला सांगितलं. ती बिचारी पोर्ट ऑगस्टाला गेली आणि हा म्हणाला, "एवढी खोली झाली की आलोच." ती झाली. मग तिच्या पुढची. "इतकी वर्षं घातली, आता सोडलं तर सगळं मातीत जाईल," म्हणायचा. गेलेली वर्षं हा थांबला म्हणून परत थोडीच येणार होती!

संध्याकाळी मी सूप घेऊन जायची, तर हा रिकाम्या खोल्यांतून दिवे लावत फिरत असायचा. "ही पाहुण्यांची," म्हणे. कसले पाहुणे! त्या घराचं दार माझ्याशिवाय कोणी वाजवत नव्हतं, आणि माझं तर कोणीच नाही.

परवा नेव्हेन्काचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता.

"स्तान्का, डॉक्टरांनी हात टेकले. फार दिवस नाहीत आता. त्याला पाठव गं. मी किती वेळा बोलावू? तूच सांग."

मी तशीच उठून गेले आणि सांगितलं. विन्कोच्या हातातली कुदळ गळून पडली. तिथेच धुळीत बसून तो हमसून हमसून रडला. "उद्याच्या बसचं तिकीट काढ," म्हणाला. मला वाटलं, सुटला एकदाचा.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले तर गडी दाढी करून, कोट घालून तयार. पिशवी दाराशी.

"चल रे."

"थांब, लग्नाचा फोटो घेतो. तिला बघायला आवडेल."

तो झोपायच्या खोलीत गेला. बराच वेळ काही आवाज नाही.

"विन्को, बस येईल!"

"शेजारीणबाई, बॅटरी आण! लवकर!"

फोटो पलंगावर पडला होता. भिंतीवर, फोटोच्या जागी, नखाएवढा ठिपका हिरवा-तांबडा चमकत होता.

"असले ठिपके पोरं खेळायला नेतात," मी म्हटलं. "संपला की तो तिथेच. चल."

"संपला? सुरू झालाय! नेमका जायच्या दिवशी दिसावा, हा काय योगायोग? देवानेच थांबवलं मला."

"ती मरतेय रे, मेल्या!"

"म्हणूनच तर! रिकाम्या हाताने कसा जाऊ तिच्यापुढे? दोन दिवस फक्त. सांग तिला, शपथ घेऊन सांगतो."

मी हाताला धरून ओढलं, शिव्या घातल्या, शेवटी पाया पडले. त्याने कोट काढून खुंटीला टांगला आणि कुदळ उचलली.

बस थांबते तिथून मी फोन लावला.

"चढला का गं?"

"नाही."

ती म्हणाली, "भिंतीवरचा फोटो काढला त्याने?"

मी चक्रावले. "तुला कसं कळलं?"

"तो ठिपका मी घर घेतलं तेव्हाच पाहिला होता. थानासिसला ओपल लागलं ना, त्याच संध्याकाळी मी त्यावर फोटो टांगला. निदान झोपायची खोली तरी राहू दे म्हटलं." खोकल्याने तिला बोलू देईना. "पण एवढी वर्षं हात लावला नाही, आजच कशाला काढला?"

"तुझ्याकडे आणायला, बाई. तुला बघायला आवडेल म्हणून."

समोर बस येऊन उभी राहिली. येताना पलंगावरून उचललेला फोटो मी काखेत घट्ट धरला आणि विन्कोच्या तिकिटावर मीच चढले.