पेवात सोडलेला कंदील

मी कंदील बोलतोय. उजेड तर कुठलाही दिवा देतो. आमच्या घरात मला मान होता तो मी विझायचो म्हणून.

पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी आप्पासाहेबांनी मला शहरातल्या शहागंजच्या बाजारातून विकत घेतलं आणि लासूर स्टेशनजवळच्या आपल्या गावी नेलं. अंगणात त्यांचं ज्वारीचं पेव होतं, जमिनीत दोन पुरुष खोल खणलेलं. बंद पेवात विषारी हवा साचते. म्हणून ते उघडलं की मला पेटवून दोरीनं आत सोडायचे. मी विझलो, तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. एकदा गडी उतरायच्या बेतात होता, तेवढ्यात मी फडफडलो आणि विझलो. त्या दिवशी आप्पासाहेबांच्या सुनेनं, सरूबाईंनी, माझी काच पदरानं पुसली. मला फार बरं वाटलं होतं.

पुढं वीज आली, पेव बुजवलं, मी माळ्यावर गंजत पडलो. गेल्या वर्षी सरूबाईंच्या मुलानं, बन्सीनं, मला शहराबाहेरच्या एका संग्रहालयाला देऊन टाकलं. तिथं जुनं गावच उभं केलंय. कुंभार खरोखर मडकी घडवतो, बाया दळण दळतात, पेवातही खरी ज्वारी. माणसांची गंमत बघा, घरात नको झालेलं बघायला तिकीट काढून येतात! त्यांनी मला घासूनपुसून चकचकीत केलं, टाकीत बॅटरी बसवली आणि वातीच्या जागी बल्ब. मीही हुरळलो, खोटं कशाला सांगू?

पावसाळ्यात पेवात पाणी झिरपलं, ज्वारी आंबली. परवा रविवारी पाहुण्यांसाठी झाकण उघडलं आणि त्याच दिवशी बन्सी आईला, बायकोला, लेकीला घेऊन शहरातल्या गारखेड्याहून आला. आईला तिचा कंदील भेटवायचा होता. सरूबाईंना आता नुसता उजेड-अंधार कळतो.

"पेवात उतरून बघायचंय कुणाला?" पगडीवाल्या माहितगारानं विचारलं.

लेकीला दाखवायला बन्सी पुढं झाला. "ल्हानपणी लई उतरलोय मी."

"थांब," सरूबाई म्हणाल्या. "आधी कंदील सोडा. इझला तर उतरायचं नाय."

माहितगाराला ती आजीबाईंची हौस वाटली. त्यानं बटण दाबलं आणि मला खाली सोडलं.

तळाशी हवा जड होती. वात असती तर क्षणात गेली असती. मी विझायला जिवाचं रान केलं. बल्ब ढिम्म.

"पेटलाय का?" वरून सरूबाईंनी विचारलं.

"लख्ख, आजी."

"मग जा, बाळा."

बन्सी शिडी उतरू लागला. मला ओरडता येत असतं तर!

"घासलेटाचा वास कसा येईना वं?" सरूबाईंनी सहज विचारलं.

"घासलेट नाही आजी, आत बल्ब बसवलाय."

"बन्सी! वर ये! वर ये, बन्सी!"

तो माझ्यापासून हातभर वर होता. "व्हय," म्हणाला आणि त्याचे हात शिडीवरून सुटले.

अग्निशमनवाल्यांनी त्याला वर काढलं, तोवर तो गेला होता. सरूबाईंचा हंबरडा मी तळाशी ऐकला.

सरूबाई, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही विचारायचं तेच विचारलंत. खोटं उत्तर मी दिलं.

मला वर काढायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पेवाच्या तोंडाशी आता नुसती दोरी ताणलीय. कुणी वाकून बघाल, तर आत स्वच्छ उजेड दिसेल. त्याच्या भरवशावर उतरू नका. मला हवा लागत नाही, तुम्हाला लागते.