अकरावी तुलना

"काका, पुन्हा मोजू नका हो. तीनदा मोजून झालंय," शेजारच्या टेबलावरची इंजिनिअर पोरगी म्हणाली.

"तीनदाही टिका दहाच आल्या गं. आणि तुलनेच्या जागा आहेत अकरा."

काकांच्या पुढ्यात प्रोग्रामचे छापील कागद पसरले होते. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पाळण्याचा हा प्रोग्राम त्यांनीच बावीस वर्षांपूर्वी चिपच्या मूळ भाषेत, एकेक आज्ञा वेचून लिहिला होता. ती चिप आता बनायची बंद झाली. म्हणून चार महिने खपून त्यांनी तो दुसऱ्या घराण्याच्या चिपवर आणला. दोघींची एक खोड मात्र अगदी उलटी. वजाबाकीत उसना घ्यावा लागला की जुनी चिप खूण करी. नवी उसना लागला नाही तरच करते. लहान-मोठं ठरायचं ते या खुणेवरूनच. त्यामुळे प्रत्येक तुलना हाताने उलटवायची आणि पेन्सिलीने टिक करायची.

बिनटिकेची जागा एकोणिसाव्या पानाच्या तळाशी निघाली.

बाळाचं तापमान एकाएकी उतरलं, तरच प्रोग्राम तिथे पोचायचा. थोडं उतरलं तर आच वाढव. फारच उतरलं, म्हणजे बाळाच्या अंगावरची तापमान मोजणारी वायर निसटली, तर आच बंद कर, घंटा वाजव. ही तुलना उलटी राहिल्यामुळे आता वायर निसटली की पाळणा तापतच राहणार होता. कारखान्यातल्या चाचणीत वायर पत्र्याला स्क्रूने आवळलेली; ती निसटणार कशी?

आणि पहिला पाळणा कालच इस्पितळात गेला होता.

"वायर ना? निघते की," फोनवर नर्स हसत म्हणाली. "बाळं काय हातपाय बांधून झोपतात?"

"सिस्टर, आधी बाळ बाहेर काढा. मग मला हव्या तेवढ्या शिव्या द्या."

"अहो, पण डॉक्टरांना..."

"हात जोडतो, माझे आई!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. घाईची पावलं. मग काहीच नाही. एरवी उठता-बसता देवाचं नाव घेणारे काका. आज त्यांना ते नावही आठवेना.

"दिलं आईच्या कुशीत," नर्सचा आवाज आता बारीक झाला होता. "वायर उशाशी पडली होती हो. गादी चांगलीच तापलेली. बाळ ठीक आहे. लाल झालंय, भोकाड पसरलंय."

"रडू दे, माय. रडू दे," काका म्हणाले.

कारखान्याचे साहेब धावत आले. सगळं ऐकून खुर्चीत बसले. "पाळणे थांबवू. पण थांबवल्याच्या कागदावर कारण 'किरकोळ सुधारणा' लिहा. पुढच्या महिन्यात निवृत्त होताय, जाता जाता कशाला डाग लावून घेता?"

काकांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं: एक तुलना उलटवायची राहिली. चूक माझी.

मग ते गोदामात गेले. उद्या निघायच्या वीस खोक्यांवर 'तपासले' अशा पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर त्यांची सही. काका गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि नखाने पट्टी सोलू लागले. पोरगी दुसऱ्या टोकाची पट्टी सोलायला बसली.

"राहू दे गं. सही माझी आहे."

तिने पट्टी सोडली, पण ती गेली नाही. एकेक खोकं त्यांच्यापुढे सरकवत राहिली.