वरच्या मजल्याचा बंदोबस्त

सोपानरावांना कुणाकडे तक्रार करायची नव्हती. सलूनच्या खुर्चीत तोंडाला साबण लागला की माणूस काहीतरी बोलतो, तसे ते बोलले.

"वरचा भाडेकरू चार महिने झाले, भाडं देत नाही. काय करावं माणसानं?"

वस्तरा धरलेल्या कारागिराने नुसतं हूं केलं. शेजारच्या खुर्चीतून मात्र आवाज आला, "काका, घर कुठं तुमचं?"

शेजारी प्रज्वलभाऊ बसले होते. आकुर्डीतल्या विजेच्या प्रत्येक खांबावर ज्यांचा हात जोडलेला फोटो आहे आणि ज्यांना आजवर कुणीही निवडून दिलेलं नाही, ते प्रज्वलभाऊ.

"तसं काही नाही हो," सोपानराव घाईने म्हणाले. "मुलगा चांगला आहे."

"चांगलीच पोरं भाडं बुडवतात काका. वाईट पोरांना भाड्यानं राहावंच लागत नाही. तुम्ही निवांत घरी जा. तुमच्या जागेचं आम्ही बघतो."

मानेवर वस्तरा होता, म्हणून सोपानराव हलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"त्या माणसाला सांगितलंत तुम्ही?" जयमालाबाईंनी विचारलं.

"सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं."

वर राहणारा सुजित लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होता. ठेकेदार बदलला, नव्याने आपली माणसं आणली आणि सुजितचं काम गेलं. तेव्हापासून भाडं थांबलं होतं. ते मागायला सोपानराव दर आठवड्याला धीर गोळा करून जिना चढायचे, "पाणी येतंय ना नीट?" एवढं विचारायचे आणि उतरायचे. आयुष्यभर कंपनीत घाम गाळून बांधलेल्या घराचा वरचा मजला, आणि तिथे जाताना पाहुण्यासारखं दार वाजवायचं. घाबरण्यात सोपानराव काही नवीन नव्हते. पण आतापर्यंतची भीती घरगुती होती.

संध्याकाळी प्रज्वलभाऊ आले. सोबत पोरं. वाकून दोघांच्या पाया पडले. जयमालाबाईंच्या तोंडून सवयीने "सुखी राहा" निघून गेलं आणि मग त्यांनी ओठ घट्ट मिटले.

पोरं न विचारता अंगणात पसरली. एकाने टेप काढली, दुसरा संरक्षक भिंतीवर चढला.

"भाऊ, गॅलरीला मोठा फ्लेक्स आरामात बसतोय. थेट रस्त्यावरून दिसणार."

"फ्लेक्स?" सोपानराव म्हणाले.

"जनसंपर्क कार्यालय," प्रज्वलभाऊंनी हसून सांगितलं. "इलेक्शन येतंय. जागा बघतच होतो. रविवारी सकाळी पूजा करू, काकूंच्या हातून नारळ फोडू. तोवर त्या पोराला सामान उचलायला सांगा. जड असेल तर आपली पोरं मदत करतील."

सोपानरावांनी विचारलं, "आणि... भाडं?"

प्रज्वलभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय काका! तुमच्याकडून भाडं घेईन का मी?"

पोरं हसली. सोपानरावही हसले. न हसण्याची सोय नव्हती.

मंडळी गेल्यावर जयमालाबाई म्हणाल्या, "पोलिसांत जा."

"काय सांगू जाऊन? करार अकरा महिन्यांचा, तो कधीचा संपला. भाडेकरूची नोंदही आपण चौकीत दिली नाही. पहिले मलाच विचारतील. आणि मी घरी पोचायच्या आत भाऊंना कळेल."

"मग वर जा."

सोपानराव वर गेले. दार उघडंच होतं. सुजित गादी गुंडाळून दोरी बांधत होता.

"गॅलरीतून ऐकलं सगळं," तो म्हणाला. "उद्याच निघतो काका. तुमचे पैसे ठेवणार न्हाई मी. थोडे थोडे देतो."

"जायचं नाही," सोपानराव म्हणाले.

"अहो, तुम्हीच त्यांना आणलं न्हवं?"

"आणलं असेल. पण तू गेलास की ते येणार, आणि आले की मी मरेपर्यंत जाणार नाहीत. तू आहेस तोवर जागा भरलेली आहे."

"आणि रविवारी मी हितं सापडलो तर? माझे हातपाय मोडतील काका. तुमचं घर वाचंल, पण मला काम कोण देईल मग?"

घर वाचवायला दुसऱ्याचा मुलगा दारात उभा करायचा, हे त्यांना स्वतःलाच ऐकवेना. ते गुंडाळलेल्या गादीवर बसले.

"मग आम्ही दोघं वर येऊन राहतो," ते शेवटी म्हणाले.

शनिवारी जयमालाबाईंनी शेगडी, डाळीचे डबे आणि रक्तदाबाच्या गोळ्या वर नेल्या. "तुम्ही दोघं घाबरून स्वयंपाक काय करणार," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी खाली टेम्पो थांबला. जिन्यात पावलं वाजली, मग दार.

"काका? आतून कडी का लावलीय?" प्रज्वलभाऊंनी बाहेरून विचारलं.

सुजित भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याचा श्वास खोलीभर ऐकू येत होता.

"जागा रिकामी नाही," सोपानराव दाराकडे बघत म्हणाले. "भाडेकरू आहे."

"भाडं देतो का?"

"देतो."

बाहेर कुणीतरी हसलं. "बरं. आम्हाला घाई नाही." मग टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या वर येऊ लागल्या आणि जिन्याच्या तोंडाशी एकेक मांडली जाऊ लागली. दाराला एक बारीकसा धक्का बसला, जोर किती लागेल ते बघितल्यासारखा. कडी वाजली.

"काकू," प्रज्वलभाऊंचा आवाज अगदी मऊ होता, "पोरं सकाळपासून उपाशी आहेत. चहा तरी टाका."

जयमालाबाई उठल्या. दारातल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय त्यांनी आजवर परत पाठवलं नव्हतं. त्यांचा हात कडीपर्यंत गेला, आणि तिथेच थांबला.

"नाही," त्या म्हणाल्या.

आवाज इतका कापत होता की शब्द नीट उमटलाच नाही. म्हणून त्यांनी तो पुन्हा म्हटला.

बाहेर एक खुर्ची सरकली. आतले तिघंही दारापासून एक पाऊल मागे आले, पण कडीला कुणी हात लावला नाही.