राहिलेलं मावंदं

“तो गडू आडवा नका करू. उभाच धरा,” कलाबाई खाटेवरूनच म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, पण हुकूम सोडण्यातली ऐट अजून शाबूत होती.

देव्हारा पुसता पुसता हातात आलेला तांब्याचा इवलासा गडू वाल्मीकरावांनी पुन्हा जागेवर ठेवला. तोंड झाळून बंद केलेलं, आत काशीची गंगा. दोघं काशी करून आले तेव्हापासून तो तिथेच बसला होता. काशीहून आलं की मावंदं घालायचं, हा घरोघरचा रिवाज. यात्रेकरूंनी वेशीवरच्या मारुतीपाशी थांबायचं, घरच्यांनी वाजतगाजत घ्यायला यायचं, त्यांचे पाय धुवायचे, गडू उघडून सगळ्या गोतावळ्याला गंगेचं तीर्थ द्यायचं आणि पुरणाचं जेवण घालायचं. तेव्हा कुठे यात्रा पुरी होते. वाल्मीकराव गायख्यांच्या घरी नेमकं तेवढंच राहिलं होतं, आणि राहिलं होतं ते त्यांच्याच हौसेपायी.

त्यांची सारी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली. कोळशाचा मालडबा उचलून पालथा करणाऱ्या यंत्रावर ते बसत. डबे लांबलांबून यायचे, त्यांच्या अंगावर खडूनं गावांची नावं लिहिलेली असायची. डबा पालथा करण्याआधी ते नाव वाचायचे आणि घरी येऊन बायकोला सांगायचे, “आज कोरबा आलं होतं.” कलाबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, “ते येतंय रोज. आपण कधी जायचं?” पाळीची नोकरी, म्हातारे आईवडील, मुलाचं, ललितचं, शिक्षण. मुलखाची गावं दारात येऊन पालथी होत राहिली आणि हे दोघं इगतपुरीच्या पलीकडे फारसे गेलेच नाहीत.

निवृत्त झाले आणि या माणसाला जणू पाय फुटले. हंपी झाली, रामेश्वर झालं. जाण्याइतकीच, खरं तर जाण्याहून जास्त, त्यांना जाण्याची आखणी आवडायची. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसायचे आणि मोबाइलवर गाड्या बघायचे. कोणत्या स्टेशनात गरम जेवण मिळतं, कोणत्या धर्मशाळेत खालची खोली मिळते, कोणत्या बाजूला बसलं म्हणजे कलाबाईंच्या खिडकीत ऊन येणार नाही, इथवर सगळं ठरलेलं असायचं. “पोराचं लग्न ठरवताना नाही केली एवढी चौकशी,” कलाबाई म्हणायच्या. खिडकी मात्र त्यांनी कधी कोणाला सोडली नाही.

काशीहून परतल्यावर कलाबाईंनी मावंद्याची तारीख धरायला सांगितली. वाल्मीकरावांच्या डोक्यात तोवर जगन्नाथपुरी शिरली होती.

“पाहुण्यांना दोनदा कशाला पळवायचं? पुरी करून येऊ, मग दोन्हीचं मावंदं एकदमच घालू.”

“काशीची गंगा घरात झाकून दुसरी यात्रा धरीत नसत्यात.”

“अगं, गंगा काय नासती का?”

गंगा नासली नाही. कलाबाईंच्याच पोटात गाठ निघाली. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात खेपा झाल्या, सुया झाल्या, केस गेले. शेवटी डॉक्टरांनी वाल्मीकरावांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, आता घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ घाला. पुरीची तिकिटं रद्द झाली. सगळ्या मुलखाच्या गाड्या जुळवणाऱ्या माणसाला त्या दिवशी दवाखान्यासमोर रिक्षा करायचंही सुचेना.

वाल्मीकरावांची थोरली बहीण रंगूबाई गावातच दिलेली, मळ्यात शेवंती-झेंडू करायची. जीभ तिची पहिल्यापासून तिखट. भावजयीला बघायला आली आणि उंबऱ्यातच सुरू झाली. “मी तवाच सांगितलं व्हतं. मावंदं न घालता बसलास. देवाधर्माशी चालढकल बरी नसती.”

“आक्का, गाठ पोटात हाय, गडूत नाय,” वाल्मीकराव उसळून म्हणाले.

बोलायला बोलले, पण ते वाक्य त्यांचं त्यांनाच पटेना. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. तरी देव्हाऱ्याकडे बघितलं की छातीत काहीतरी टोचायचं.

त्या दुपारी आक्का गेल्यावर कलाबाई म्हणाल्या, “अहो, या रविवारी घाला मावंदं.”

“तू उठून उभी राहा, मग घालू. पुरण काय मी वाटू?”

“आक्का वाटतील. यात्रा उघडी ठिवून जाऊ नये माणसानं.”

“कुठं जायचंय तुला?” ते एकदम ओरडले. बाहेर कोणीतरी बोअरची मोटर चालू केली, तिचा आवाज बराच वेळ घरभर राहिला.

वाल्मीकरावांना भीती वाटत होती, एवढीच गोष्ट. गडू बंद आहे तोवर यात्रा चालू आहे, आणि यात्रा चालू आहे तोवर कला आपल्या शेजारच्या खिडकीत बसलेली आहे, असं काहीसं त्यांनी मनाशी धरलं होतं. हे कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

कलाबाईंनी ते न सांगताच ओळखलं, आणि त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तुम्ही गाडीच्या किती आधी टेशनात जाऊन बसता? मी कितीदा भांडले त्याच्यावरून. काय म्हणायचे तुम्ही?”

“ऐनवेळी धावाधाव नको.”

“मग? मलाबी नको धावाधाव. सगळं बांधून व्हऊ द्या. निवांत बसते मग मी.”

वाल्मीकराव उठून परसात गेले. तोंडावर पाणी मारून आत आले, तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी ललितला पुण्याला फोन लावला आणि म्हणाले, “रविवारी या. आईचं मावंदं हाय.”

रविवारी रंगूआक्काच्या फुलांच्या टेम्पोतून कलाबाईंना मारुतीपाशी नेलं. खुर्चीवर बसवलं, अंगावर काशीला नेसलेलंच लुगडं. वाल्मीकराव गडू घेऊन शेजारी उभे राहिले. ताशा वाजायला लागला. आक्का तांब्या घेऊन पुढे आली, भावाचे पाय भराभर धुतले आणि भावजयीच्या पायांशी येऊन थबकली. पाय सुजून तुकतुकीत झाले होते. तिखट जिभेच्या त्या बाईनं ते पाय मांडीवर घेतले, हळूहळू धुतले आणि स्वतःच्या पदरानं पुसले.

“आक्का, पदर भिजतोय.”

“भिजू दे.”

घरी आल्यावर ललितनं पकडीनं गडूची झाळ उघडली. साऱ्यांच्या हातावर तीर्थ पडलं. काशीचे काळे दोरे कलाबाईंनी आपल्या हातांनी वाटले, कोणाला दोन दिले आणि कोणाचे राहिले हेही बरोबर ध्यानात ठेवलं. पुरण त्यांनी नुसतं जिभेला लावलं.

“एकदाचं घोडं गंगेत न्हालं,” त्या म्हणाल्या. बायका हसल्या. वाल्मीकरावांनाही हसावं लागलं.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर कलाबाईंनी विचारलं, “पुरीच्या तिकिटांचं काय केलंत?”

“आहेत की. खिडकी तुझी.”

“खोटं बोलता नाय येत तुम्हाला.” त्यांनी डोळे मिटले. “तुम्ही जाऊन या. आल्यावर चालढकल करू नका मात्र.”

“एकट्याचं कसलं मावंदं?”

कलाबाईंना झोप लागली होती, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

गडूत थोडी गंगा शिल्लक ठेवली होती. ती पुढल्या अमावास्येच्या आतच त्यांच्या ओठांना लागली.

वर्षश्राद्ध झालं. एका सकाळी वाल्मीकराव चहा घेऊन ओट्यावर बसले आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांनी गाड्या बघितल्या. प्रवाशांची नावं निवडताना बोट सवयीनं दोन्ही नावांवर गेलं. एक काढावं लागलं. खिडकीची जागा त्यांना स्वतःला मिळाली, पण नागपूरपर्यंत ते खिडकी मोकळी ठेवून अलीकडच्या जागेवरच बसून होते. पुरीला समुद्र बघितला, देवाचं दर्शन घेतलं. काय बघितलं ते सांगायला शेजारी वळायची सवय काही मोडली नाही.

परत येताना त्यांनी कोणालाच कळवलं नाही. नाशिकरोडला उतरून रिक्षानं सरळ घर गाठायचं ठरवलं होतं, पण मारुतीपाशी त्यांनी रिक्षा थांबवली आणि पिशवी घेऊन खाली उतरले. रिक्षा निघून गेली. ते तिथेच उभे राहिले, कोणाची वाट बघायची ते न कळून.

समोरच्या मळ्यात शेवंती तोडणाऱ्या रंगूआक्कानं त्यांना पाहिलं. ओटीतली फुलं पाटीत टाकून ती ओरडली, “थांब तिथंच! पाऊल नको टाकू!”

ती घराकडे गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन गुडघे धरत धरत आली.

“आक्का, राहू दे गं.”

“गप. कला सांगून गेलीय मला.”

वाल्मीकरावांनी चपला काढल्या आणि उभे राहिले. जोडीनं उभं राहायची सवय, म्हणून थोडे एका बाजूलाच. आक्का खाली बसली. तिनं भावाच्या पायांवर पाणी घातलं, पदरानं पुसलं. तांब्यात निम्मं पाणी उरलं होतं. तिनं भावाच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, बसल्या बसल्याच थोडी सरकली आणि उरलेलं पाणी तिथे हळूहळू ओतलं, सुजलेल्या पायांवर ओतावं तसं.